मदत हवी आहे: पॉलिअ‍ॅनिलिनची वाहकता शंभरपट कमी येतेय

नमस्कार मंडळी. पॉलिअ‍ॅनिलिन (वीज वाहून नेणारा पॉलिमर) बनवायची कृती नेहमीचीच: अ‍ॅनिलिन हायड्रोक्लोराइड 2.59 ग्रॅम 50 मिली पाण्यात, ऑक्सिडंट म्हणून अमोनियम परसल्फेट 5.71 ग्रॅम वेगळ्या 50 मिलीत. दोन्ही एकत्र करून थोडं ढवळायचं, मग रात्रभर हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी गाळून 0.2 मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाने, मग अ‍ॅसिटोनने धुवायचं आणि 60 अंशांवर निर्वातात सुकवायचं. हिरव्या पुडीची दाबून केलेली गोळी फोर-प्रोबवर (चार टोकांनी वाहकता मोजायचं उपकरण) 4 सीमेन्स प्रति सेंमीच्या आसपास यायला हवी. मिळतेय 0.04!

पहिला संशय धुण्यावर. एका खेपेला नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने भरपूर धुतलं गेलं आणि पूड निळसर झाली, म्हणजे डोपिंग (वाहकता देणारं आम्ल) उतरलं. ती 1 मोलर आम्लात रात्रभर ठेवल्यावर पुन्हा हिरवी झाली, पण वाहकता जेमतेम 0.1.

दुसरा संशय परसल्फेटवर. बाटली कोल्हापूरच्या पावसाळ्यात उघडझाप झालेली, खडे बांधले आहेत. दमटपणाने त्याचा जोर उतरतो. म्हणून आयोडोमेट्री (आयोडीन वापरून ऑक्सिडंटचं प्रमाण मोजणं) करायची आहे. पण ऑक्सिडंट कमी पडला तर उत्पादन घटेल. वाहकता इतकी पडेल का?

बर्फाच्या तबकात केलं तर साखळ्या लांबतात हे खरं, पण शंभरपट फरकाला ते पुरेसं वाटत नाही. गोळीला किती दाब देता? कडांना बारीक तडे दिसताहेत, आणि तिथेच आकडा मार खात असेल. शिवाजी विद्यापीठाच्या आसपास कुणाकडे चांगला 13 मिमी डाय (गोळी दाबायचा साचा) आहे का?