अण्णांना 'पाणी' म्हणता येत नाही, पण पाढे येतात. असं का?

नीराकाठ
माझे वडील निवृत्त प्राथमिक शिक्षक, वय ७४. दोन महिन्यांपूर्वी पक्षाघात झाला. उजवा हात-पाय लुळा पडला, वाचा गेली. आमचं बोलणं बरंचसं कळतं त्यांना. तहान लागली की तांब्याकडे बोट दाखवतात, "प… प…" करतात आणि शब्द फुटत नाही म्हणून डोळे भरून येतात.

परवा माझा मुलगा ओसरीवर बाराचा पाढा म्हणताना अडखळला. आतून अण्णांचा आवाज आला, "बारा चोक अठ्ठेचाळीस!" आणि पुढचा पाढा त्यांनी शेवटपर्यंत म्हटला. मागोमाग पावकी, निमकी. मी धावत आत गेले, विचारलं, "अण्णा, बारा चोक किती?" नुसते बघत राहिले. शेजारी म्हणतात, मनात आणलं तर बोलतील. हे मला फार लागतं. आवाज आहे, जीभ वळते, मग एका शब्दाला काय आडवं येतं?

वाचोपचार करणारी
ताई, मनात आणण्याचा प्रश्नच नाही. उजव्या हाताने लिहिणाऱ्या बहुतेकांची भाषा डाव्या मेंदूत असते आणि उजव्या अंगाचा ताबाही तिकडेच, म्हणून दोन्ही एकदम गेलं. पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात एक रुग्ण वर्षानुवर्षं फक्त 'तान' एवढंच बोलायचा. चिडला की मात्र एक शिवी अख्खी निघायची. १८६१ मध्ये तो वारला, तेव्हा तिथले शल्यचिकित्सक पॉल ब्रोका यांना त्याच्या मेंदूचा डावीकडचा पुढचा भाग बिघडलेला दिसला.

'पाणी' म्हणायचं तर शब्द शोधावा लागतो, तोंडाला त्याचा क्रम द्यावा लागतो. पाढ्यात एक पद पुढच्याला ओढून आणतं. त्या घोटलेल्या साखळीला उजवा मेंदू आणि खोलवरची बेसल गँग्लिया ही केंद्रं हातभार लावतात. उलटं उदाहरणही आहे: उजव्या बेसल गँग्लियात रक्तस्राव झालेल्या एका माणसाला गप्पा मारता येत होत्या, पण रोजच्या प्रार्थना म्हणता येईनात, ओळीने आकडे मोजता येईनात. शेजाऱ्यांना हे नक्की सांगा.

ओवी
माझ्या आईचंही असंच होतं. सुरावर शब्द बांधायची एक पद्धत १९७३ मध्ये बोस्टनच्या डॉक्टरांनी मांडली. डाव्या हाताने ताल धरायचा आणि शब्द दोन सुरांत म्हणायचा. आईचा 'चहा' जात्यावरच्या ओवीच्या चालीवर आला, सातव्या महिन्यात. सगळ्यांना जमतंच असं नाही. तज्ज्ञांकडून शिकून घ्या आणि घाई करू नका.

नीराकाठ
इथल्या वाचोपचार केंद्रात जाऊन शिकून आले. आज तांब्या समोर ठेवला, अण्णांचा डावा हात धरून मांडीवर ताल दिला, "पा-णी". सहाव्या खेपेला 'पा' स्वच्छ आला. 'णी' नाही आला. मी थांबले, तर त्यांनीच बोट वर करून मला खुणावलं, वर्गात पाढे घ्यायचे तसं: पुन्हा म्हण.