मदत हवी आहे: कलम ९३ ते अनुच्छेद ३५६

नांदेडच्या अभ्यासवर्गासाठी मी ब्रिटिशांच्या १९३५ च्या भारत सरकार कायद्यातील कलम ९३ (प्रांताचा कारभार गव्हर्नरने हाती घेण्याची तरतूद) आणि आपल्या राज्यघटनेतील अनुच्छेद ३५६ (राज्यातील राष्ट्रपती राजवट) यांची तुलना लिहीत आहे. मराठवाडा तेव्हा हैदराबाद संस्थानात असल्याने हे कलम इथे कधी लागू झालेच नाही, म्हणून श्रोत्यांना मुळापासून सांगणे मला फार गरजेचे वाटते. जुन्या कलमात अशी राजवट लागू करणारी उद्घोषणा स्वतः गव्हर्नर काढत असे. आता ती राष्ट्रपती काढतात, तीही राज्यपालांच्या अहवालाशिवाय काढता येते. संविधान सभेतील ३ व ४ ऑगस्ट १९४९ ची चर्चा वाचली आहे. राष्ट्रपती राजवटीवरचा सर्वोच्च न्यायालयाचा बोम्मई निकाल माहीत आहे, तो नको. अहवालाची अट सैल करण्यामागची कारणे मसुदा समितीच्या कोणत्या कागदपत्रांत सापडतील?