सीजीपीए ८.२ म्हणजे जर्मनीत किती?

प्रश्न: एमएस्सीला १० पैकी ८.२ सीजीपीए (सगळ्या सत्रांची एकूण सरासरी ग्रेड) आहे. जर्मनी, नेदरलँड्स आणि ब्रिटनमध्ये पीएचडीसाठी अर्ज करायचाय. जर्मनीतल्या एका जागेसाठी ‘२.० किंवा त्याहून चांगली ग्रेड’ अशी अट आहे. ८.२ ला ९.५ ने गुणून टक्के लिहिले तर चालेल का?

उत्तर १: टक्क्यांच्या भानगडीत पडू नका. जर्मनीत आकडा जितका लहान तितका चांगला: १.० सर्वोत्तम, ४.० म्हणजे काठावर पास. तिथे बहुतेक ठिकाणी सुधारित बव्हेरियन सूत्र लावतात. कमाल ग्रेडमधून तुमची ग्रेड वजा करा, त्याला ‘कमाल वजा किमान उत्तीर्ण’ने भागा, ३ ने गुणा, १ मिळवा.

खरी गोम किमान उत्तीर्ण ग्रेडमध्ये आहे. ती ४ असेल तर १.८ भागिले ६, गुणिले ३, अधिक १, म्हणजे उत्तर १.९. ती ५ असेल तर १.८ भागिले ५, गुणिले ३, अधिक १, उत्तर २.०८. ग्रेड तीच, पण तुम्ही थेट अटीच्या सीमेवर! दुसरा दशांश सोडून दिला तर २.० धरतील, पण त्या भरवशावर राहू नका.

उत्तर २: नेदरलँड्सची मोजपट्टीही १० ची आहे, एवढ्यावरून आपले आकडे तिथल्या आकड्यांशी ताडून पाहू नका. तिथे साधारण ५.५ ला पास, ८ म्हणजे उत्तम, ९ क्वचित आणि १० जवळजवळ नाहीच. ब्रिटनमध्ये ७० किंवा त्याहून जास्त म्हणजे फर्स्ट (सर्वात वरची श्रेणी), ६० ते ६९ अप्पर सेकंड (त्याखालची). त्यामुळे ७२ टक्के पाहून कुणाला कमी लेखू नका.

प्रश्नकर्ता: आमच्याकडे विषयात पास व्हायला ४ लागतात, पण पदवीसाठी एकूण सरासरी ५ हवी. कोणता आकडा धरू?

उत्तर ३: तुम्ही एकूण सीजीपीए बदलताय, तेव्हा हिशेब ५ धरूनच करा. शेवटचा निर्णय तिथल्या प्रवेश विभागाचा, त्यामुळे दोन्ही नियम त्यांना दिसू द्या. परीक्षा विभागाकडून शिक्क्यानिशी पत्र घ्या: कमाल ग्रेड, विषयाची आणि पदवीची किमान ग्रेड, आणि मिळाला तर वर्गातला क्रमांक. क्रमांक नक्की मागा. परक्या मोजपट्टीपेक्षा ‘६० पैकी चौथा’ हे प्राध्यापकांना लगेच कळतं. ९.५ चा गुणक तुमच्या विद्यापीठाच्या नियमात नसेल तर वापरू नका, गुणपत्रिकेशी मेळ बसला नाही की शंका येते. अर्जात ‘८.२/१०’ असंच लिहा. हे पत्र मिळायला वेळ लागतो, मुदतीच्या आठवड्यात मागितलं तर हाती येणार नाही.