ध्यान करूनही राग येतोच
वर कुणीतरी विचारलंय की रोज ध्यान करूनही घरच्यांवर चिडचिड होतेच, मग उपयोग काय. मला वाटतं ध्यानाने राग जात नाही, तो येताना दिसायला लागतो, आणि तेवढ्या क्षणात गप्प बसता आलं तरी खूप झालं. पण नंतर समोरच्याशी मोकळं बोलावं लागतंच, ते काही डोळे मिटून टळत नाही, मी हे फार उशिरा शिकले. आणि हो, फोन घरी ठेवून झाडांमध्ये चालायला जा, इंग्लंडमधल्या जवळपास २०,००० लोकांच्या २०१९ च्या अभ्यासात आठवड्याला निदान १२० मिनिटं निसर्गात घालवणाऱ्यांची तब्येत आणि समाधान जास्त चांगलं दिसलं होतं, वेळ एकदम काढला की थोडा थोडा याने फरक पडला नाही.