शेवटच्या बसचा हिशोब

"मध्यम शहरात सगळं २० मिनिटांवर, मग आसपासच्या गावात घर घेतलं तर काय बिघडलं?" असं मध्यम शहर की गाव या चर्चेत कुणीतरी लिहिलंय. शहरात राहणाऱ्याला ते लागू पडतं. गावातून मात्र किलोमीटर मोजू नका, शेवटची बस किती वाजता सुटते ते बघा. शहराची खरी हद्द तिथे संपते.

मी दोन्हीकडे राहिलोय. गावात किराणा, शाळा, तापाचा डॉक्टर असं रोजचं भागतं. अडतं ते कधीतरी लागणाऱ्या गोष्टींसाठी. भूगोलतज्ज्ञ वॉल्टर क्रिस्टालरने १९३३ मध्ये हेच मांडलं होतं: जी सेवा क्वचित लागते ती चालायला आजूबाजूला जास्त माणसं लागतात, म्हणून ती मोठ्या ठिकाणीच टिकते. मध्यम शहर यात फक्त एक पायरी वर. अवघड शस्त्रक्रिया म्हटली की तेही महानगराकडे बोट दाखवतं.

नोकरीबद्दल चर्चेत कुणी बोललंच नाही. मध्यम शहरात पगार कमी असतो हे खरं दुखणं नव्हे. तुमच्या कामाच्या कंपन्या असतात एक-दोन, त्यामुळे साहेबाशी बिनसलं की राजीनामा म्हणजे थेट बिऱ्हाड हलवणं. नवरा-बायको दोघंही नोकरी करणारे असतील तर आणखीच पंचाईत.

ओळखीपाळखीने कामं पटकन होतात, हे मान्य. (त्याच ओळखी तुम्ही काल कुणाबरोबर दिसलात तेही घरी पोचवतात.)

घर घेण्याआधी सहा महिने भाड्याने राहा, आणि एकदा तरी रात्री साडेदहाला शहरातून परत येऊन बघा.