कोरड्या डोळ्यांना उरलेलं मलम नको
ताई, आईंचे डोळे वाळू गेल्यागत खुपतात म्हणून घरात उरलेलं असायक्लोव्हिर मलम लावू का, असं विचारलंत. कृपा करून लावू नका. ते हर्पिस विषाणूवरचं औषध, कोरडेपणावर त्याचा उपयोग नाही.

निपाणीच्या माझ्या आत्याचेही डोळे असेच कोरडे, तिनं दोन वर्षं नुसते थेंब घातले. पाण्याच्या घोटाशिवाय तिला भाकरीचा घास उतरत नव्हता, हे कुणी विचारलंच नाही. शेवटी बेळगावात पापणीत कागदाची पट्टी अडकवून अश्रू किती येतात ते बघितलं, 5 मिनिटांत जेमतेम 3 मिलिमीटर ओल. पुढं रक्त तपासल्यावर स्योग्रेन नावाचा आजार निघाला. त्यात शरीराची प्रतिकारशक्तीच अश्रू आणि लाळेच्या ग्रंथींवर उठते. आईंचं तोंड कोरडं पडतं का, सांधे दुखतात का, ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.

आणि स्टेरॉइडचे थेंब मनानं अजिबात घालू नका. हर्पिस असेल तर बुबुळावरची जखम त्यानं चिघळते.