बंधाऱ्याची तारीख कापणी बघून धरा
दिवाळीच्या सुट्टीत श्रमदानाने वहाळावर (ओढ्यावर) वनराई बंधारा, म्हणजे माती भरलेल्या गोण्यांचा तात्पुरता बांध, घालावा असं काहीजण सुचवतात. पण तेव्हा आपल्याकडे कोकणात बऱ्याच वाड्यांत कापणी-झोडणी चालू असते, माणूस मिळत नाही. डिसेंबर सरू दिला तर धारच बारीक होते, मग अडवणार काय? सिमेंटच्या रिकाम्या गोण्या गणपतीत चाकरमानी असतानाच जमवा आणि कापणी उरकल्यावरचा पहिला रविवार धरा.

गोणी पाऊणच भरा, तोंड सुतळीने शिवा. ठासून भरलेली गोल राहते, फटीतून पाणी निसटतं. नुसती वाळू नको, चिकण माती हवी. सर्वात जास्त वेळ तळाला द्या: पालापाचोळा, वाळू उपसून कातळ उघडा पाडा, नाहीतर पाणी खालून पळतं. मे महिन्यात गोण्या कोणती वाडी काढणार, तेही त्याच दिवशी ठरवा. राहिल्या तर पहिल्या पुरात सगळं प्लास्टिक खाडीत.